घरात मासे आणण्याआधी



मागच्या रविवारी अभिषेक आटोपून मंदिराच्या पायऱ्या उतरत होते. एका मैत्रिणीने गाठलं. म्हणाली, "अगं, नातवाने हट्ट धरलाय, छोटी फिश टँक पाहिजेच म्हणतोय. तुझ्याकडे आहे ना? कोणते मासे आणू सांग. चटकन मरणार नाहीत असे सांग बाई, मेले की मला जेवण जात नाही."

पायऱ्यांवर उभं राहून दहा मिनिटं बोललो, पण मनासारखं काही सांगता आलं नाही. कारण तिने विचारलं होतं "कोणते?", आणि माझ्या मनात आधी येत होतं "कशाला?" आता आमच्याच घरात काचेची पेटी आहे म्हटल्यावर "कशाला?" विचारायचा मला काय अधिकार? म्हणून म्हटलं, नीट लिहूनच काढावं. ज्यांच्या घरात हा विषय अजून आला नाही त्यांच्याही उपयोगी पडेल. आज ना उद्या तो येतोच, आणि बहुतेक वेळा तो आपण न बोलावता, प्लास्टिकच्या पिशवीत बसून येतो.

आमच्याकडे तो तसाच आला. तीन वर्षांपूर्वी नातू एका वाढदिवसाला गेला होता. येताना रिटर्न गिफ्ट म्हणून पाण्याने अर्धी भरलेली पिशवी आणि त्यात एक गोल्डफिश. सोबत लिंबाएवढं तोंड असलेला काचेचा गोल बाऊल. घरात आलेला जीव, टाकणार कुठे? शोकेसवर ठेवला. मी रोज सकाळी पाणी गाळताना त्याचंही पाणी गाळून बदलत होते. मला वाटायचं, आपण इतकं स्वच्छ ठेवतोय, छान राहील. नवव्या दिवशी सकाळी तो आडवा होऊन तरंगत होता. नातवाने हंबरडा फोडला. आम्ही दोघांनी णमोकार म्हटला आणि परसात जास्वंदीखाली त्याला पुरलं.

शेजारच्या काकू आल्या होत्या. समजूत घालायला म्हणून म्हणाल्या, "बरं झालं गं, तुमच्या घरावर काहीतरी येणार होतं, ते त्याने अंगावर घेतलं." नातवाने डोळे पुसले आणि विचारलं, "आज्जी, मग त्याच्यावरचं कोणी घेतलं?"

मैत्रिणींनो, सहा वर्षांच्या पोराने विचारलेला तो प्रश्न माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही. आधी त्याबद्दलच बोलते.

आपल्या समाजातल्या कितीतरी दिवाणखान्यांत हल्ली वास्तूसाठी म्हणून मासे ठेवलेले दिसतात. आठ सोनेरी आणि एक काळा, किंवा कपाळावर मोठं टेंगूळ असलेला फ्लॉवरहॉर्न, किंवा पैसेवाल्यांकडे अरोवाना. मासा मेला की संकट टळलं, म्हणून लगेच दुसरा आणायचा. आपण कर्मसिद्धांत मानणारी माणसं. आपलं कर्म आपणच बांधतो, आपणच भोगतो. आई मुलाचं घेऊ शकत नाही की मुलगा बापाचं घेऊ शकत नाही. एवढं पाठशाळेतलं पहिलीतलं मूलही सांगतं. मग बाजारातून दोनशे रुपयाला आणलेला एक मुका जलचर आपल्या अख्ख्या घराचं अशुभ कर्म कसा घेईल? मासा मरतो तो पाणी बिघडल्याने. आणि ते पाणी आपण बिघडवलेलं असतं. संकट टळलं म्हणणं म्हणजे आपल्या हातून झालेल्या पंचेंद्रिय जीवाच्या घाताला शुभ शकुनाचं नाव देणं. त्या सकाळी आमच्या घरात संकट टळलं नव्हतं, पाप घडलं होतं. अज्ञानाने घडलं, पण घडलंच.

का मेला ते मी नंतर शोधलं, तेव्हा कळलं की चूक स्वच्छतेची नव्हती. मासा श्वासावाटे, कल्ल्यांतून अमोनिया बाहेर टाकतो. नदी-तळ्यात तो कुठच्या कुठे पांगतो. काचेच्या पेटीत तो साठतो आणि त्यानेच मासा पोळतो. पेटीतल्या वाळूवर, फिल्टरच्या स्पंजवर हळूहळू सूक्ष्म जीव वसतात. ते अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे जीव नायट्राइटचं नायट्रेट करतात, आणि नायट्रेट त्या मानाने निरुपद्रवी असतं. ही वसाहत तयार व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. मी रोज सगळं पाणी बदलत होते, बाऊल घासून लख्ख करत होते, म्हणजे ती वसाहत बसूच देत नव्हते. वर नळाच्या पाण्यातलं क्लोरीन. गाळल्याने क्लोरीन जात नाही. पाणी पसरट भांड्यात चोवीस तास उघडं ठेवलं की बरंच उडून जातं, किंवा दुकानात त्यासाठी थेंब मिळतात. हे मला कोणीच सांगितलं नव्हतं. पण मी विचारलंही नव्हतं.

आता मुद्द्यावर येते. अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार आपल्याला पाठ असतात : बंध, वध, छेद, अतिभारारोपण, अन्नपाननिरोध. लहानपणापासून मी ते बैल, घोडा, गाय यांच्यासंदर्भात ऐकत आले. बैलाला आखूड दाव्याने बांधू नये, चाबकाने मारू नये, नाक-कान कापू नयेत, जास्त ओझं लादू नये, चारापाणी तोडू नये. आता दारात बैल नाहीत, पण हे पाचही अतिचार त्या दोन फुटी काचेत आजही जसेच्या तसे घडतात. म्हणून मासा निवडताना दुकानदाराचं न ऐकता या पाचांना विचारावं, असं माझं मत आहे.

पहिला बंध. खरं तर कुठलीही काचेची पेटी हा बंधच आहे, यावर शेवटी बोलणार आहे. पण दावं लांब आणि दावं आखूड यात फरक असतो. दुकानात सगळे मासे बोटाएवढेच दिसतात, कारण ती पिल्लं असतात. गोल्डफिश हा कार्पच्या कुळातला. नीट वाढला तर वीतभर होतो आणि दहा-पंधरा वर्षं सहज जगतो. आपण त्याला पाच लिटरच्या बाऊलमध्ये नऊ दिवस जगवतो! काच साफ करतो म्हणून देतात तो सकर फिश पुढे फूट-दीड फूट होतो. ऑस्कर फूटभर होतो. शार्क म्हणून मुलांना भुलवतात तो पंगासच्या जातीचा मासा तर नदीत माणसाच्या कमरेएवढा वाढतो. अरोवाना तीन फुटांपर्यंत जातो. यांतला एकही छोट्या पेटीसाठी नाही. पेटी लहान असली की मासा लहान राहतो असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. त्याची वाढ खुंटते आणि तो आजारी पडून लवकर मरतो.

सह्याद्रीच्या ओढ्यांतून पकडून आणलेले मासेही घेऊ नयेत. मिस केरळ नावाने लाल-काळ्या पट्ट्यांचा एक सुंदर मासा मिळतो. केरळ आणि कर्नाटकातल्या वाहत्या ओढ्यांतला तो रहिवासी. शास्त्रज्ञांनी त्याच्या कुळाला नावच सह्याद्रिया दिलंय. शोभेसाठी पकडून पकडून त्याची संख्या घटली आणि तो संकटग्रस्तांच्या यादीत गेला. घेणारे आपण नसू तर पकडणारेही नसतील.

दुसरा वध. काचेवर टकटक करणं हे मुलांना वाटतं तसं बोलावणं नसतं. माशाच्या अंगावर दोन्ही बाजूंनी एक रेषा असते, तिने तो पाण्यातली हालचाल टिपतो. आपली टकटक त्याला अंगावर आदळल्यासारखी लागते. घरात हा नियम पहिल्या दिवशी करा. आणि वधाच्याच खात्यात मी झुंजणारे मासे धरते. फायटर म्हणून मिळणारा बेट्टा हा सयाममध्ये म्हणजे आजच्या थायलंडमध्ये झुंजीसाठीच वाढवला गेला. दोन नर एकत्र ठेवले की एकमेकांची चिरफाड करतात. मुलं दोन बरण्या शेजारी ठेवून त्यांना फुगलेले बघतात आणि टाळ्या पिटतात. हिंसेत आनंद मानणं म्हणजे रौद्रध्यान, हे त्यांना कोण सांगणार? बेट्टाला पाण्याबाहेरची हवा घेता येते म्हणून त्याला चहाच्या पेल्यात विकतात. त्याला तिथे आवडतं म्हणून नव्हे.

तिसरा छेद. हा अतिचार वाचून मला वाटायचं, आता असं कोण करतं? करतात. काचेसारखा पारदर्शक एक मासा आपल्याच देशात मिळतो. त्याच्या अंगात सुईने रंग टोचतात, म्हणजे तो गुलाबी, निळा, हिरवा दिसतो. पॅरट नावाच्या माशाची शेपटी कापून त्याला बदामाचा आकार देतात. पाठीचा कणा वाकडा असलेली मॉली बलून म्हणून गोड दिसते म्हणून मुद्दाम तशीच पैदास करतात. दुकानात एखादा मासा फारच भडक, एकाच रंगात बुडवल्यासारखा दिसला तर विचारा आणि घेऊ नका. कौतुक तर मुळीच करू नका, अनुमोदनाचंही पाप लागतं.

चौथा अतिभारारोपण. माशाच्या पाठीवर आपण ओझं ठेवत नाही, पण पाण्यावर ठेवतो. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच अशा पेटीत काठोकाठ भरलं तर साधारण 55 लिटर पाणी मावतं. तेवढ्या पाण्यात सहा-आठ लहान मासे नीट राहतात. आपण "रिकामं रिकामं वाटतंय" म्हणून पंधरा-वीस सोडतो. मग पाणी वास मारतं, मासे वर येऊन तोंड उघडझाप करतात, आणि आपण म्हणतो "बघा, भूक लागली त्यांना." भूक नसते ती, श्वास कोंडलेला असतो.

पाचवा अन्नपाननिरोध. इथे आपली चूक उलटी होते. आपण बायका, समोरच्याला वाढल्याशिवाय आपल्याला चैन पडत नाही. येता-जाता चिमूट टाकतो. माशाला दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच पुरतं. उरलेलं कुजतं आणि त्याचा अमोनिया होतो. माशाच्या बाबतीत अन्न जास्त झालं की पानाचा, म्हणजे पाण्याचा निरोध होतो! आमच्या ह्यांनी एकदा सुचवलं, अष्टमी-चतुर्दशीला त्यांनाही उपवास घडवावा. मी म्हटलं, निरोगी माशाला एक दिवस खाणं नसेल तर अपाय होत नाही, जरूर करा, पण त्याला उपवास म्हणू नका. व्रत ज्याने समजून घेतलं त्याचं असतं. आपण दुसऱ्याचं ताट काढून घेतो त्याचं पुण्य कोणालाच नाही. पण आठ-दहा दिवस शिखरजीला जाताना शेजारी कोणाला रोजचं मापून पुड्या बांधून न देता कुलूप लावणं, हा मात्र खराखुरा निरोध आहे.

आता खाण्याचा अवघड भाग. दुकानात माशांचं म्हणून जे दाणे मिळतात त्यांच्या डब्यावरची बारीक अक्षरं चष्मा लावून वाचा. बहुतेकांत पहिलंच नाव मासळीच्या भुकटीचं असतं. हिरव्या रंगाचा, स्पिरुलिना लिहिलेला डबासुद्धा वाचल्याशिवाय घेऊ नका. त्यातही ती भुकटी असते. शिवाय दुकानदार वळवळणारे लाल किडे देतो, "आठवड्यातून एकदा द्या, रंग खुलतो" म्हणून. आपण रोज धान्य निवडताना अळी दिसली तर अलगद बाजूला करणाऱ्या बायका. आपल्याच हाताने जिवंत जीव दुसऱ्या जीवाला भरवायचे? हिंसक प्राणी पाळू नयेत असं आपल्या पूर्वजांनी श्रावकाला सांगून ठेवलं, त्याचं कारण इथे समजतं. तो प्राणी आपल्या स्वभावाने वागतो, त्याचा त्यात दोष नाही. पण त्याच्यासाठी किडे विकत घेणारा हात आपला असतो.

म्हणून ऑस्कर, अरोवाना, फ्लॉवरहॉर्न, बेट्टा हे मांसाहारी मासे श्राविकेच्या घरात येऊच नयेत. आणि आधीच आले असतील तर त्यांना जबरदस्तीने पालक खायला घालून मारू नका, तोही अन्ननिरोधच. ज्याला त्यांची माहिती आहे, मोठी पेटी आहे, अशा माणसाकडे पोचते करा.

मग उरतं काय? मैत्रिणीला जे सांगायचं होतं ते आता सांगते. लहान पेटीसाठी मला तीन नावं सुचतात.

एक, झेब्रा. निळे-सोनेरी आडवे पट्टे असलेला, बोटाच्या दोन पेरांएवढा मासा. आपल्याच देशातला, गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातल्या ओढ्यांत, भातखाचरांत राहणारा. थव्याने राहतो, त्यामुळे एक-दोन आणू नका, तो बिचारा भेदरतो. सहा ते आठ आणा. त्याला 18 अंशांपर्यंतचं पाणी चालतं, त्यामुळे आपल्याकडच्या थंडीत बहुतेक हीटर लागत नाही. तेवढाच आरंभ कमी. उडी मारतो, म्हणून झाकण हवंच.

दोन, गप्पी. महापालिकेची माणसं डासांसाठी हौदात सोडतात ते साधे. शोभेचे त्यांचेच रंगीत भाऊ. मूळचे दक्षिण अमेरिकेकडचे. त्यांना जड पाणी मानवतं, त्यामुळे ज्यांच्याकडे बोअरचं पाणी आहे त्यांना हे सोयीचे. निऑन टेट्रा कितीही चमकदार दिसला तरी तो ॲमेझॉनच्या मऊ पाण्यातला आहे. बोअरच्या पाण्यात तो झुरतो. गप्पींना 22 ते 28 अंश पाणी लागतं, म्हणजे थंडीत छोटा हीटर लावावा लागेल.

तीन, प्लॅटी. गप्पीपेक्षा जरा गुटगुटीत, केशरी-लाल, शांत. शेवाळ आवडीने खातात.

गप्पी आणि प्लॅटी यांच्यात एक अट माझ्याकडून : फक्त नर आणा. पोटाखालचा पर काडीसारखा बारीक असतो तो नर, पंख्यासारखा असतो ती मादी. हे मासे अंडी घालत नाहीत, पिल्लांना जन्म देतात, महिन्या-महिन्याला वीस-तीस. मादी एकदा नराबरोबर राहिली की पुढे काही महिने नर नसतानाही पिल्लं देत राहते. आणि मोठे मासे ती पिल्लं खातात, आईसुद्धा. मी हे डोळ्यांनी पाहिलंय. पिल्लं वाचवावीत तर तीन महिन्यांत पेटी भरते आणि चौथा अतिचार लागतो. न वाचवावीत तर आपल्या दिवाणखान्यात रोज घात. त्यापेक्षा सहा नर बरे.

तिन्हींपैकी एकच जात निवडा. झेब्रा गप्पींच्या लांब शेपट्या कुरतडतो, आणि दोघांना हवं ते पाण्याचं तापमानही वेगळं.

यातला कोणीही पक्का शाकाहारी नाही, हे लपवत नाही. गप्पी डासांच्या अळ्या खातो म्हणूनच तर त्याला हौदात सोडतात. पण बंद पेटीत त्याला अळ्या मिळत नाहीत, आणि वाफवलेला पालक, साल काढून चुरडलेला मटार, काकडीची चकती, शेवाळ यावर गप्पी आणि प्लॅटी बऱ्यापैकी निभावतात. सोबत नीट वाचून निवडलेले वनस्पतीचे दाणे. झेब्राला मात्र नुसती भाजी पुरत नाही. त्यामुळे खाण्याच्या दृष्टीने माझं मत प्लॅटीच्या बाजूने आहे. आमच्या पेटीत आज पाच प्लॅटी आहेत.

थोडं कामाचं. आधी पेटी, नंतर मासे. पाणी, वाळू, फिल्टर लावून महिना-दीड महिना रिकामी चालू द्या, रोज खाण्याची चिमूट टाका, म्हणजे ती सूक्ष्म जीवांची वसाहत बसेल. कोणाकडे जुनी निरोगी पेटी असेल तर तिच्या फिल्टरचा तुकडा मागून आणा, लवकर बसेल. दर आठवड्याला पावभाग पाणी बदला. काढलेलं पाणी कुंड्यांना घाला, झाडं सुखावतात. फिल्टरचा स्पंज नळाखाली कधीच धुऊ नका, क्लोरीनने ती वसाहत मरते. काढलेल्या पाण्यातच हलकेच पिळून घ्या. झाकण लावा, नाहीतर दिव्यावर येणारे पतंग रात्री पाण्यात पडतात. दिवा आम्ही सूर्यास्ताला बंद करतो. आमचं जेवणही तेव्हा आटोपलेलं असतं, त्यांनाही काळोख लागतोच. आणि पाणवनस्पती आणताना पानामागे गोगलगायीची अंडी आहेत का बघा. एकदा शिरल्या की शेकड्यांनी होतात, मग दुकानदार गोगलगायी खाणारा मासा विकायला तयारच असतो. एक हिंसा निस्तरायला दुसरी.

आणि कृपा करून, कंटाळा आला म्हणून मासे नदीत, तलावात, मंदिराच्या विहिरीत सोडू नका. त्याला जीवदया म्हणतात असं मी ऐकलंय. पेटीत वाढलेला मासा तिथे बहुधा मरतो; आणि जो मरत नाही तो तिथल्यांना संपवतो. तो काच साफ करणारा सकर फिश असाच लोकांनी सोडला. आज आपल्या देशातल्या कितीतरी नद्या-तलावांत तो माजलाय, मच्छीमारांची जाळी फाडतोय आणि मूळच्या माशांच्या खाण्यावर, जागेवर हात मारतोय. एका जिवाला सोडून हजारांना बांधलं, असं होतं.

आता ते राहिलेलं "कशाला?"

आमच्या सूनबाईचं मत माझ्यापेक्षा वेगळं आहे आणि ते मी प्रामाणिकपणे सांगायला हवं. ती म्हणते, "आई, पुस्तकातली दया वेगळी आणि रोज सकाळी उठून कोणाचं तरी पाणी बघणं वेगळं. तो मासा मेला नसता तर हा एवढं शिकला असता का?" यात तथ्य आहे. नातू आता नऊ वर्षांचा आहे. रविवारी बादली तोच भरतो. मित्र काचेवर टकटक करायला लागला तर त्याचा हात धरतो. मृगसेन धीवराची गोष्ट मी त्याला सांगितली. पहिल्यांदा जाळ्यात येईल त्या माशाला सोडायचं एवढंच व्रत त्याने घेतलं होतं, तोच मासा पाच वेळा आला, त्याने पाचही वेळा सोडला, आणि पुढच्या जन्मी पाच वेळा त्याचे प्राण वाचले. पोराने ताबडतोब विचारलं, "मग आपण आपल्या माशांना कधी सोडायचं?"

त्याला सकर फिशची हकीकत सांगून गप्प केलं. पण मी स्वतः गप्प झाले नाही. तीर्थंकरांच्या मातेच्या सोळा स्वप्नांत मीनयुगल आहे. पंचकल्याणकात आपण ते दरवेळी बघतो. ते दोन मासे सरोवरात खेळत असतात, काचेत नव्हे. अरहनाथ भगवंतांचं लांछन मासा आहे. मूर्तीखालच्या त्या माशाला नमस्कार करून घरी यायचं आणि त्याच्याच भाऊबंदाला शोकेसवर ठेवायचं, हे मला जमत नाही. आणि तंदुल मत्स्य तर आपण सगळ्यांनी ऐकलेला. महामत्स्याच्या कानात बसलेला तांदळाच्या दाण्याएवढा जीव, एकालाही न खाता केवळ मनातल्या भावाने सातव्या नरकात गेला. भाव एवढा मोठा असेल, तर "दिवाणखाना छान दिसेल" हा भाव कुठे नेईल, याचा विचार व्हावा.

म्हणून माझं ठरलंय. या पाच प्लॅटींचं आयुष्य पुरं होईपर्यंत त्यांचं सगळं नीट करायचं, आणि त्यानंतर नवीन आणायचे नाहीत. सूनबाई अजून हो म्हणालेली नाही. नातवाने त्या पेटीत पाणवनस्पती लावायचं कबूल केलंय, पण "तेव्हाचं तेव्हा बघू आज्जी" अशी पळवाटही ठेवलीय. त्याच्यावर जबरदस्ती करणार नाही. समजून घेतलं तरच व्रत, हे मीच सांगितलंय ना.

मैत्रिणीला माझं उत्तर असं. आणू नकोस, नातवाला घेऊन नदीच्या घाटावर जा, तिथे पाण्यात दिसतात ते मासे दाखव. आणायचंच ठरलं तर आधी पेटी लाव, दीड महिना थांब, आणि मग पाच नर प्लॅटी आण. तो दीड महिना तुझ्या नातवाची परीक्षा घेईल. रोज रिकाम्या पेटीचं बघायला तो टिकला, तर माशांचंही करेल. नाही टिकला, तर पाच जीव वाचले.

आणि आपल्या सगळ्यांना एक विनंती. वाढदिवसाला रिटर्न गिफ्ट म्हणून मासे देऊ नका, आणि दिलेच तर घेऊ नका. यजमान नाराज झाले तर होऊ देत. वही द्या, रोप द्या, नाहीतर दोन लाडू द्या. तीस मुलांना तीस पिशव्या वाटल्या जातात; त्यांतल्या किती पुढच्या पौर्णिमेपर्यंत जगतात, ते आपण सगळ्या जाणतो.

लिहिताना कोणाचं मन दुखावलं असेल तर उत्तम क्षमा.

जय जिनेंद्र.